थोरल्याचं धनुष्य आणि त्याचं जुळं

आमच्या गल्लीत शस्त्रं बनवणारा माणूस एकच, आणि त्याला घरात झुरळ दिसलं तर तो बायकोला हाक मारतो. त्याच्या दुकानात आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात एकच भिंत. तीही इतकी पातळ की तो तिकडे हातोडा मारतो आणि इकडे माझ्या गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं नाचताना दिसतात. तेव्हा या माणसाबद्दल मला जे ठाऊक आहे ते त्याच्या बायकोपेक्षा थोडंसं कमी, आणि त्याला स्वतःला ठाऊक आहे त्यापेक्षा बरंच जास्त.

तो क्रॉसबो बनवतो. म्हणजे आडवं धनुष्य. बंदुकीला असतो तसा लाकडी दस्ता, त्याच्या तोंडाशी आडवी बांधलेली पोलादी कमान. दोरी मागे ओढून खाचेत अडकवायची, खालचा खटका दाबायचा, की बाण सुटला. जुन्या काळी लढाईत आणि शिकारीत वापरायचे म्हणे. याची धनुष्यं मात्र भिंतीवर टांगायची. हॉटेलात शिरल्या शिरल्या समोर, वकिलाच्या ऑफिसात, नवा पैसा आलेल्या माणसाच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर. दोरी शोभेची, खटका जागचा हलत नाही, आणि बाण तर तो बनवतच नाही. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं बिनबाणे. हे नाव गल्लीनं असं काही उचललं की कुरिअरवाला दारातून ‘बिनबाणे साहेब’ अशी हाक मारतो, आणि हा मुकाट्यानं ‘ओ’ देतो.

पण त्याची खरी करामत धनुष्य बनवण्यात नव्हती. ते म्हातारं करण्यात होती. कोरंकरकरीत लाकूड तो टेबलावर आडवं टाकायचा आणि साखळीनं बडवायचा, म्हणजे त्याला जन्मभराचे टोले बसल्यासारखे दिसावेत. मग कडक चहाचे हात. लोखंडाला व्हिनेगर लावून गंज आणायचा, आणि आणलेला गंज पुन्हा अर्धा पुसून काढायचा, कारण वापरातली वस्तू कुणीतरी मधूनमधून पुसतंच. खाचांमध्ये मेण आणि काजळी. शेवटी एक लोकरीचं फडकं घेऊन तो दस्त्याची एकच जागा तासन्‌तास घाशीत बसायचा, जिथे कुणा न झालेल्या शिकाऱ्याचा अंगठा टेकला असता तिथे. दुपारी साखळीचे फटके सुरू झाले की माझं नवं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, ‘‘शेजारी काय चाललंय?’’ मी सांगायचो, ‘‘काही नाही, एकाला अनुभव देताहेत.’’

आता या सगळ्याची सुरुवात ज्यानं केली त्याच्याकडे येऊ. बिनबाणेचा थोरला भाऊ.

दोघे भाऊ पूर्वी त्याच दुकानात खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायचे. थोरला उंच, अबोल. चेहऱ्यावर सदा असा भाव, की तुमचं काहीतरी तिरकं बसलंय पण सभ्यपणामुळे तो बोलत नाहीये. एकदा कुठल्याशा संग्रहालयात काचेच्या पेटीत त्यानं असं आडवं धनुष्य पाहिलं, आणि परत आल्यावर फावल्या वेळात तसंच एक बनवायला घेतलं. अख्खा हिवाळा त्यात गेला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाच्या दोन फळ्यांचा, मधोमध एकजीव चिकटवलेला. कमान जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घासून काढलेली. पुढे पाय रोवायला लोखंडाची रिकीब, घोड्याच्या खोगिराला असते तशी. आणि दस्त्याच्या दोन्ही अंगांना हाडाच्या पातळ चकत्या बसवून त्यांवर कोरलेली शिकार. पुढे हरिण, मागे कुत्रे, आणि त्यांच्या मागे धापा टाकणारा एक जाडा शिकारी. तो शिकारी हुबेहूब माझ्यासारखा आहे असं सगळे म्हणायला लागले. मी थोरल्याला जाऊन विचारलं, ‘‘काय हो, हा मी का?’’

तो म्हणाला, ‘‘नाही. मागून दुसरं कुत्रं आहे ना, ते.’’

ते धनुष्य एका गिऱ्हाइकानं पाहिलं आणि मागितलं. चांगली किंमत सांगितली. थोरला म्हणाला, ‘‘हे विकायचं नाही.’’ का नाही, ते त्यानं त्यालाही सांगितलं नाही आणि धाकट्या भावालाही नाही. बिनबाणेनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. दादा म्हणजे कलावंत आणि आपण दुकानदार, असा. वास्तविक असं कुणीही म्हटलं नव्हतं. पण काही माणसांना न मारलेली थप्पड जास्त लागते.

मग धाकट्यानं त्याची नक्कल बनवली, ती विकली गेली. दुसरी बनवली, तीही गेली. तिसरीला त्यानं पहिल्यांदा साखळीनं बडवलं, तेव्हा थोरला जवळ येऊन उभा राहिला.

‘‘लाकडाला म्हातारं कशाला करतोस? होईल की ते आपोआप.’’

‘‘तोवर गिऱ्हाईक म्हातारं होतं, दादा.’’

मी पलीकडे हसलो, ते त्यांना ऐकू गेलं असणार. थोरला हसला नाही. थोड्याच दिवसांत त्यानं लांबच्या एका गावी ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायची नोकरी धरली आणि बायको-मुलीला घेऊन गेला. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. जाताना तो आपलं धनुष्य खुंटीवरच ठेवून गेला. म्हणाला, ‘‘असू दे इथं. तुला नमुन्याला लागेल.’’ बिनबाणेला हाही टोमणाच वाटला. मला विचाराल तर ती साधी सोय होती. पण मला कुणी विचारत नाही, मला सांगावंच लागतं.

पुढे धंदा वाढला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक भिंतीवरच्या थोरल्याच्या धनुष्याला हात लावायचं, घामट बोटांनी खटका चाचपायचं. म्हणून बिनबाणेनं त्याचं जुळं बनवायचं ठरवलं. इतर नकला बऱ्यापैकी सारख्या असायच्या. हे तंतोतंत हवं होतं. त्यानं त्याच जातीचं, तशाच रेषांचं अक्रोड शोधलं. कोपऱ्यातला टवका, रिकिबीवरची कुरतड, दुसऱ्या कुत्र्याच्या कानाशी सुटलेली रेघ, सगळं उतरवलं. इतर नकलांचे खटके तो ठोकून बंद करायचा, पण थोरल्याचा हलत होता म्हणून याचाही हलता ठेवला. दोन्ही शेजारी टांगली तेव्हा मी दुकानातलं भिंग घेऊन गेलो, बराच वेळ पाहिलं, आणि कबूल केलं की मला माझा धंदा बंद करायला हवा.

तिथून त्याचा एक खेळ सुरू झाला. गिऱ्हाईक जरा जाणतेपणाचा आव आणणारं असलं की हा दोन्ही धनुष्यं टेबलावर मांडायचा आणि म्हणायचा, ‘‘ओळखा. यातलं थोरलं कुठलं?’’ गिऱ्हाईक चष्मा वर-खाली करायचं आणि निम्म्या वेळा चुकायचं. जे बरोबर सांगायचं तेही नशिबानं. बिनबाणेला मात्र खरं-खोटं चटकन कळायचं, कारण त्यानं जुळ्यात मुद्दाम एक खोट ठेवली होती. थोरल्याच्या धनुष्याला रिकिबीच्या मागं खालच्या अंगाला नखाएवढा ओरखडा होता. तो जुळ्याला नव्हता.

मग एके दिवशी मी त्याच्याकडे चहाला गेलो, तर हा जुळं उलटं धरून रिकिबीमागं टोचा चालवतोय.

मी म्हटलं, ‘‘अरे, ती खूण होती ना तुझी?’’

‘‘होती. पण रोज टोचत होती. एवढं सगळं केलं आणि एवढंच राहिलं. खोट ठेवली तर ती नक्कल कसली?’’

‘‘आणि आता ओळखणार कसं?’’

‘‘खुंटीवरून. डावीकडे दादाचं, उजवीकडे माझं.’’

तुम्ही म्हणाल, कुणीही शहाणा माणूस असं करणार नाही. बरोबर आहे. शहाणा माणूस नाहीच करणार. हे करायला हात फार चांगला लागतो.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. दुकानाचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यांनी सगळं उतरवून आतल्या खोलीत चादरीखाली ठेवलं, आणि काम झाल्यावर बिनबाणेच्या बायकोनं सगळं पुसून जागच्या जागी लावलं. बिनबाणे तेव्हा लाकूड पाहायला बाहेरगावी गेला होता. आल्यावर भिंती पाहून खूश झाला. मग महिन्याभरात एका मोठ्या हॉटेलची सजावट करणारा माणूस आला, खेळात हरला, आणि हरल्याच्या चिडीनं म्हणाला, ‘‘ते उजवीकडचं द्या मला.’’ बिनबाणेनं खुशीत बांधून दिलं. आम्ही तिघं दारातच उभे होतो. गाडी वळणाआड गेली आणि बायको सहज म्हणाली, ‘‘बरं झालं गेलं. दोन-दोन पुसायला लागत होती. मला तर लावताना कळेना कुठलं कुठं होतं ते.’’

बिनबाणेचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. चुन्यासारखा झाला होता.

‘‘म्हणजे तू कशी लावलीस?’’

‘‘कशी म्हणजे? हाताला आली तशी. दोन्ही सारखीच की. तुम्हीच तर गावभर सांगत असता, ब्रह्मदेवालासुद्धा फरक कळणार नाही म्हणून.’’

मी म्हटलं, ‘‘आहे ते उतरव, बघू या.’’ उतरवलं. पाहिलं. खिडकीत पाहिलं, दिव्याखाली पाहिलं. हातात जोखलं. वजन तर त्यानं जुळ्याच्या पोटात शिसं घालून जुळवलं होतं, इतका तो पक्का. हॉटेलला फोन केला. त्यांनी सांगितलं, आलंय, छान आहे, लोक खाली उभं राहून फोटो काढतात. त्यानं मला विचारलं तर मी म्हटलं, ‘‘ते परत आणून दोन्ही शेजारी ठेवून तरी काय करशील? तो ओरखडा काढून खूण तूच घालवलीस.’’ आणि पुढे ते हॉटेलही विकलं गेलं, नव्या मालकानं सगळं सामान काढून टाकलं, आणि ते धनुष्य कुठं गेलं ते कुणाला ठाऊक नाही.

इथून बिनबाणेचा खेळ बंद झाला. राहिलेलं धनुष्य त्यानं डाव्या खुंटीवर टांगलं आणि मनाशी ठरवून टाकलं की हेच दादाचं. दिवसभर ठरलेलं असायचं. मग संध्याकाळी शटर ओढताना तो वर पाहायचा, आणि माझ्या लक्षात यायचं की ठरलेलं पुन्हा मोडलं. मी थट्टा करायचो, ‘‘काय, आज कुणाचं आहे?’’ पहिल्यांदा तो हसायचा. नंतर हसेनासा झाला, तेव्हा मीही तो विषय सोडला. थट्टेलासुद्धा वय असतं.

थोरला आजारी पडल्याचं कळलं तेव्हा बिनबाणेनं पिशवी भरली. मीच त्याला बसची वेळ पाहून दिली. जायच्या सकाळी पाहतो तर हा दुकानात, एप्रन बांधून.

‘‘का रे?’’

‘‘पुढच्या आठवड्यात जातो. एक मोठं काम आलंय.’’

काम बिम काही नव्हतं, मला त्याच्या टेबलावरची प्रत्येक फळी ठाऊक आहे. त्याची बायको मागून बोलली, ‘‘काम नाही हो चष्मेवाले. दादा विचारतील, धनुष्य आहे का. मग हे काय सांगणार? म्हणून पाय निघत नाही.’’

‘‘अरे, सांग की आहे म्हणून.’’

‘‘आणि नसेल तर?’’ बिनबाणे म्हणाला. ‘‘दादाला मी आजवर खोटं सांगितलेलं नाही. तो बघतो, आणि कळतं त्याला.’’

‘‘मग खरं सांग.’’

‘‘काय खरं सांगू? की तुझं काम आणि माझी नक्कल यात मला फरक कळत नाही? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला?’’

पुढचा आठवडा उजाडलाच नाही. म्हणजे आम्हाला उजाडला, थोरल्याला नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी थोरल्याच्या बायकोचा, म्हणजे याच्या वहिनीचा फोन आला. त्यांची मुलगी नव्या घरात राहायला जात होती. तिला वडिलांच्या हातचं काहीतरी भिंतीवर हवं होतं. आणि थोरल्यानं तर घरासाठी काही केलंच नव्हतं, जन्मभर साचे केले, आणि साचे कारखान्याचे. वहिनी फोनवर म्हणाली, ‘‘त्यांच्या हातचं असं ते एकच आहे, भावजी. मी उद्या येऊन घेऊन जाते. चालेल ना?’’

बिनबाणे म्हणाला, ‘‘तुमचंच आहे, वहिनी.’’

फोन ठेवला आणि तो सरळ माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक बसलेलं होतं, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘‘भिंग घे आणि चल.’’

खिडकीजवळच्या बाकावर धनुष्य आडवं ठेवलं होतं. त्यानं मला अंगठ्याची जागा दाखवली, दस्त्यावर जिथं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं ती.

‘‘बघ. ही झीज बघ. किती बेतशीर आहे. जिथं हवी तिथं, हवी तेवढी.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? इतकं चांगलं जुनं आपोआप होत नाही. इतकं जुनं फक्त मी करतो. हे माझं आहे.’’

 जन्मभर या माणसाला वाटायचं की आपण थोरल्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि आज नेमकं नको तिथं त्याला स्वतःचं कौतुक सुचलं होतं.

मी म्हटलं, ‘‘हे बघ, तू वहिनीला सरळ सांग. दोन होती, एक गेलं, हे कुठलं ते माहीत नाही. त्या काही तुला खात नाहीत.’’

‘‘आधी नक्की कळू दे. माझं असेल तर तसं सांगतो. खोटं तिच्या भिंतीवर नाही लावायचं.’’

‘‘आणि कळणार कसं?’’

‘‘आत उघडून. आतला जोड मी माझ्या पद्धतीनं केलाय. पांढरा गोंद आणि यंत्रानं पाडलेली खाच. कुणी बघत नाही ना आत.’’

त्याची बायको दारात उभी होती. म्हणाली, ‘‘जाऊबाईंना येऊ द्या ना आधी. त्यांच्यासमोर काय ते करा.’’

‘‘तिच्यासमोर उघडू आणि आतून माझं निघू दे?’’

 आम्ही दोघं पुढं काही बोललो असतो तरी त्यानं ऐकलं नसतं, इतपत त्याला आम्ही ओळखतो.

त्यानं खटका, रिकीब, कमान सगळं सोडवलं. दस्ता शिकंज्यात आवळला. मग दोन फळ्यांच्या जोडावर पातळ छिन्नी ठेवली. इथं जोडकामातली एक गोष्ट सांगायला हवी, मलाही तेव्हाच कळली. जुने सुतार लाकूड सरसानं जोडायचे. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद, गरम करून लावतात. असा जोड सोडवायचा तर ओलं गरम फडकं धरायचं, थोड्या वेळात तो स्वतःहून हात सोडतो. पांढरा गोंद मात्र फडक्याबिडक्याला दाद देत नाही, त्याला छिन्नी आणि हातोडी. थोरला सरसच वापरायचा. बिनबाणे कधीच नाही. आणि हे आपलंच आहे याची बिनबाणेला खात्री होती. म्हणून त्यानं हातोडी घेतली.

पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्याला बारीक आवाज आला. तिसऱ्याला दस्ता फुटला. पण जोडावर नाही, जोड सोडून लाकडातून, खटक्याच्या खाचेपासून थेट हरणाच्या पोटापर्यंत. हाडाची एक चकती उडून माझ्या पायाशी पडली.

आत पिवळट तपकिरी, काचेसारखा सुकलेला सरस होता.

बिनबाणे हातोडी धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं फुटलेला अर्धा भाग उचलला आणि खिडकीकडे नेला. आतली खाच हातानं कोरलेली होती, छिन्नीचे एकेक घाव दिसत होते. आणि एका ठिकाणी छिन्नी घसरून खाच भलतीच खोल गेली होती. तिथं लाकडाची एक काडी सरसात बुडवून ठोकली होती, ठिगळासारखी. ओबडधोबड. घाईघाईनं केल्यासारखी.

बराच वेळ तो तिच्यावरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘‘दादाचं चुकलं होतं रे इथं.’’

मला विनोद सुचतात, तो माझा रोगच आहे. त्या वेळी एकही सुचला नाही.

वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चार माणसांत उठून न दिसणारी, ठेंगणी बाई, हातात रिकामी मोठी पिशवी. बिनबाणेनं काही लपवलं नाही. खुर्ची दिली, बाकावरच्या तुकड्यांवरचं फडकं बाजूला केलं, आणि सगळं सांगितलं. जुळं, ओरखडा, रंगकाम, हॉटेल, हातोडी. सांगताना तो वहिनीकडे पाहत नव्हता, बाकाकडे पाहत होता. मी दाराशी उभा होतो. खरं तर मला कुणी बोलावलं नव्हतं.

वहिनीनं एक तुकडा उचलला. फुटलेली कड नाकाशी नेली आणि हुंगली.

‘‘एवढंच करायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘कोपऱ्यात ओलं गरम फडकं धरायचं आणि हुंगायचं. सरसाचा वास कुठं जातो? माझ्या स्वयंपाकघरात तापवायचे ते. माझं एक चांगलं पातेलं गेलं त्यात. घरभर वास, मी तर भांडलेसुद्धा.’’

बिनबाणेनं कपाळाला हात लावला. त्याला तो वास ठाऊक नव्हता असं नाही. लहानपणापासून त्यातच वाढला होता. पण जन्मभर दिसण्याचा धंदा केला, नाकाची आठवणच झाली नाही.

‘‘वहिनी, आत एक ठिगळ आहे,’’ तो म्हणाला. ‘‘दादाची छिन्नी घसरली होती.’’

‘‘हो तर. म्हणून तर विकलं नाही ना त्यांनी. आतून बिघडलेलं आहे, पैसे कसे घेणार, म्हणायचे. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसतं ‘विकायचं नाही’ म्हणाले. तुम्हाला नव्हतं सांगितलं?’’

‘‘नाही.’’

‘‘लाजले असतील. धाकट्यासमोर.’’

बिनबाणे खाली बसला. बाकाशेजारी लाकडाचा एक ओंडका असतो, त्याच्यावर. त्याच्या बायकोनं पाणी आणलं, ते वहिनीनं घेतलं, त्यानं नाही.

‘‘मी जोडून देतो,’’ तो म्हणाला. ‘‘सरसानंच जोडतो. चीर अशी बुजवीन की कुणाला दिसणारसुद्धा नाही. पंधरा दिवस द्या मला.’’

वहिनीनं हातातला तुकडा बाकावर ठेवला. मग म्हणाली, ‘‘नको, भावजी. राग मानू नका. तुम्ही जोडाल ते छानच होईल. पण मग मी घरी त्याच्याकडे बघत बसेन, तुमची जागा कुठली आणि त्यांची कुठली ते. असंच देते पोरीला. फुटलेलं आहे, पण सगळं त्यांचं आहे.’’

तिनं स्वतःची शाल काढून त्यात तुकडे एकेक करून गुंडाळले. कमान वेगळी, रिकीब वेगळी. काल माझ्या पायाशी पडलेली हाडाची चकती बिनबाणेनं तिच्या हातात ठेवली. उजेडात धरून ती म्हणाली, ‘‘हे कुत्रं का?’’ मी म्हटलं, ‘‘तो मी.’’ ती पहिल्यांदा जराशी हसली.

आम्ही तिला बसपर्यंत पोचवायला गेलो. पिशवी बिनबाणेनं धरली होती, दोन्ही हातांनी, पोटाशी. थांब्यावर उभं असताना त्यानं विचारलं. मला वाटतं, तो कालपासून हेच विचारायचं मनात घेऊन होता.

‘‘दादा काही म्हणाला होता का? माझ्याबद्दल? शेवटी?’’

‘‘काय म्हणणार? बोलायचेच कुठं ते. दार वाजलं की विचारायचे, आला का. एवढंच.’’

‘‘धनुष्याचं विचारलं?’’

‘‘धनुष्याचं?’’ वहिनीला प्रश्न कळलाच नाही. ‘‘नाही. ते कशाला विचारतील?’’

बस आली. ती चढली, खिडकीत बसली, पिशवी आत घेतली. बिनबाणे खिडकीखाली उभा राहून म्हणाला, ‘‘पोरीचं घर लागलं की येऊ का मी? बघायला?’’

‘‘या की,’’ वहिनी म्हणाली. ‘‘आता काय अडचण आहे?’’

तिच्या मनात काही नव्हतं, ती तसली बाईच नाही. पण बस गेल्यावर बिनबाणे तिथंच बाकड्यावर बसला, आणि पुढच्या दोन बसेस थांबून गेल्या तरी उठला नाही.

पोरीचं घर लागून आता बरेच दिवस झाले. तिनं फोटोही पाठवला. पांढऱ्या भिंतीवर तुकडे थोड्या-थोड्या अंतरावर लावलेत, मधली फट तशीच. बिनबाणेनं तो मला दाखवला, मोठा करून दाखवला, आतलं ठिगळ कुठं दिसतं ते बोट ठेवून सांगितलं. मी विचारलं, ‘‘जाऊन आलास का?’’

‘‘जायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘एवढी एक ऑर्डर हातावेगळी झाली, की जातो.’’

मी भिंतीवर पाहिलं. डावी खुंटी रिकामी होती, आणि बाकावर एकही फळी नव्हती.